कोकेनचे व्यसन आणि मेंदूची रचना : स्त्री-पुरुष भेदाचा विचार

कोकेनच्या व्यसनाबरोबर मेंदूच्या रचनेत जे फरक आढळतात, ते स्त्रियांमध्ये आणि पुरुषांमध्ये एकसारखे नसतात. मेंदूच्या प्रतिमा घेण्याचे तंत्र प्रगत झाल्यापासून ही बाब अनेक अभ्यासांतून पुढे आली आहे. तिचा अर्थ लावताना मात्र दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. स्त्रीचा मेंदू मुळात नाजूक, म्हणून कोकेन त्याची अधिक हानी करते, असे एका बाजूने मानले जाते. मेंदूच्या संशोधनात स्त्री-पुरुष भेद शोधणे म्हणजे जुन्या पूर्वग्रहांना विज्ञानाचा मुलामा देणे, असे दुसरी बाजू म्हणते. या दोन्ही भूमिका पुराव्यावर टिकत नाहीत. पुरावा एवढे सांगतो की व्यसनापर्यंत नेणारी आणि त्यात अडकवून ठेवणारी वाट स्त्रियांची व पुरुषांची बऱ्याच अंशी निराळी असते. मेंदूच्या रचनेतील फरकांवर या निराळ्या वाटांची छाप असते. म्हणूनच त्यांचा अभ्यास वेगवेगळा करणे आवश्यक आहे, आणि या अभ्यासाचा खरा उपयोग उपचारांत आहे.

कोकेन हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांत वाढणाऱ्या कोका या झुडपाच्या पानांतील अल्कलॉइड आहे. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आल्बर्ट नीमान याने १८६० च्या सुमारास ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर याने डोळ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा बधिरक म्हणून उपयोग होतो हे दाखवून दिले. व्यसन लावणारा त्याचा गुण मात्र मेंदूतील डोपामीनशी निगडित आहे. एका चेतापेशीने सोडलेले डोपामीन पुढच्या पेशीला संदेश देऊन झाला की वाहक प्रथिनांमार्फत पुन्हा मूळ पेशीत ओढून घेतले जाते. कोकेन ही वाहक प्रथिने अडवते. डोपामीन दोन पेशींमधल्या जागेत साचून राहते आणि सुखाचा, उत्तेजनेचा संदेश लांबत जातो. नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात याची मापे प्रसिद्ध केली. किमान ४७ टक्के वाहक अडल्याशिवाय कैफ जाणवत नाही, आणि व्यसनी व्यक्ती सहसा घेतात तेवढ्या मात्रेने ६० ते ७७ टक्के वाहक अडतात, असे त्यांना आढळले.

कैफ लवकर ओसरतो, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा घेतली जाते. हे दीर्घकाळ चालले की डोपामीनचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकांपैकी डी-२ या प्रकारच्या ग्राहकांची उपलब्धता घटते. जेवण, माणसांचा सहवास, काम यांतले रोजचे सुख फिके पडते. कोकेनशी जोडल्या गेलेल्या खुणांना मात्र मेंदू जोरदार प्रतिसाद देऊ लागतो. नेहमीची जागा, ओळखीचा माणूस, एखादी वस्तू यांच्या नुसत्या दर्शनाने तलफ उसळते. त्याच वेळी कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे नियंत्रण सैल पडते. परिणामांचा विचार करून मोह आवरणे हे या भागाचे काम आहे. व्यसन हा इच्छाशक्तीचा अभाव आहे, ही समजूत अपुरी का ठरते याचे उत्तर येथे मिळते. ज्या भागाच्या बळावर इच्छाशक्ती उभी राहते, त्याच भागाचे कार्य व्यसनात बिघडलेले असते.

रचनेचा अभ्यास प्रामुख्याने एमआरआय प्रतिमांवरून होतो. मेंदूत चेतापेशींच्या मुख्य भागांनी आणि त्यांच्या आखूड शाखांनी गजबजलेले करडे द्रव्य असते, तसेच लांब तंतूंचे श्वेत द्रव्य असते. संगणक प्रतिमेतील ही द्रव्ये वेगळी करतो, सर्व मेंदू एका प्रमाणित नकाशावर बसवतो आणि प्रत्येक लहान घनभागातील करड्या द्रव्याचे आकारमान मोजतो. मग व्यसनी गट आणि निर्व्यसनी गट यांची तुलना होते. या पद्धतीने मिळणारा आकडा पेशींच्या संख्येचा नसतो. करड्या द्रव्याचे आकारमान कमी भरले याचा अर्थ पेशी मेल्या असाच होत नाही. चेतापेशींच्या शाखा आखडणे, आधारपेशींचे प्रमाण बदलणे, रक्तपुरवठा किंवा पाण्याचा अंश बदलणे, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. 'कोकेनने मेंदू खाल्ला' अशा भाषेत या निष्कर्षांचे वर्णन करणे म्हणूनच चुकीचे आहे.

स्त्री-पुरुष असा भेद न करता झालेल्या अभ्यासांतून एक बऱ्यापैकी स्थिर चित्र मिळाले आहे. टेरेसा फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली कोकेनच्या रुग्णांमध्ये इन्सुला, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, सिंग्युलेट आणि टेम्पोरल भागांत करड्या द्रव्याची घट नोंदवली. यांपैकी इन्सुला शरीरातील संवेदनांची जाणीव करून देतो आणि तलफेचा अनुभवही त्याच्याशी जोडलेला आहे. ऑर्बिटोफ्रंटल भाग एखाद्या गोष्टीचे आपल्या लेखी मोल किती ते ठरवतो. केंब्रिजच्या कारेन एर्शे यांच्या गटाने २०११ साली ६० कोकेनग्रस्त आणि ६० निर्व्यसनी व्यक्तींची तुलना केली. कपाळामागचे भाग आणि मेंदूच्या गाभ्यातील स्ट्रायटम यांना जोडणाऱ्या व्यवस्थेतील फरक उतावीळपणाशी आणि कोकेन घेण्याच्या अनिवार ओढीशी निगडित असल्याचे त्यांना दिसले. त्याच गटाने २०१३ साली वयाबरोबर होणारी करड्या द्रव्याची घट मोजली. निर्व्यसनी व्यक्तींत ती वर्षाला सुमारे १.६९ मिलिलिटर होती, कोकेनग्रस्तांत ३.०८ मिलिलिटर. म्हणजे वार्धक्याकडे जाण्याचा वेग जवळजवळ दुप्पट भरला.

हे चित्र मोलाचे असले, तरी त्यातील बहुसंख्य मेंदू पुरुषांचे आहेत. याला काही खरी आणि काही सोयीची कारणे आहेत. कोकेन घेणाऱ्यांत पुरुषांची संख्या जास्त असते आणि उपचार केंद्रांत तर ती आणखी जास्त असते, त्यामुळे संशोधकांना पुरुष सहज मिळतात. काही वेळा प्रश्नाचे स्वरूपच पुरुषांची निवड करायला लावते. एमएओ-ए हे एन्झाइम बनवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषांत त्याची एकच प्रत असल्याने त्याचा परिणाम तपासणे सोपे जाते. अशा पुरुषांच्याच एका अभ्यासात २०११ साली असे आढळले की, या जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार असलेल्या कोकेनग्रस्तांत ऑर्बिटोफ्रंटल भागातील घट विशेष होती. पण पुष्कळदा कारण निव्वळ सवयीचे होते. मासिक पाळीमुळे मोजमापात चढउतार येतील म्हणून स्त्रियांना आणि माद्यांना प्रयोगातून वगळले जाई. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याचे धोरण स्वीकारले होते. ते १९९३ साली मागे घेण्यात आले आणि त्याच वर्षी सरकारी अनुदानाच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. तरीही २००९ मधील शोधनिबंधांच्या एका पाहणीत, मेंदूविज्ञानात केवळ नरांवर झालेले प्राणी-अभ्यास केवळ माद्यांवर झालेल्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. पुरुषाच्या मेंदूवरून काढलेला निष्कर्ष सर्व माणसांचा म्हणून सांगितला जात होता. ही वैज्ञानिक चूक होती, आणि तिची किंमत स्त्री रुग्णांना मोजावी लागली.

स्त्रिया आणि पुरुष यांचे वेगळे विश्लेषण करणाऱ्या अभ्यासांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. येल विद्यापीठातील राजिता सिन्हा यांच्या गटाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोकेनग्रस्त स्त्रियांमध्ये डाव्या बाजूचा इन्फिरिअर फ्रंटल भाग, इन्सुला, सुपीरिअर टेम्पोरल भाग आणि हिप्पोकॅम्पस येथे करडे द्रव्य कमी आढळले. पुरुषांमध्ये घट हालचालींशी संबंधित प्रीसेंट्रल भागात आणि मध्य-सिंग्युलेट भागात होती. इन्फिरिअर फ्रंटल भागाचा संबंध सुरू झालेली कृती थांबवण्याशी आहे, तर हिप्पोकॅम्पसचा स्मरण आणि ताणाचे नियमन या दोन्हींशी. स्त्रियांमधील घटीचा भार भावना, ताण आणि संयम सांभाळणाऱ्या भागांवर पडलेला दिसतो.

दुसरा अभ्यास कोलोरॅडो विद्यापीठातील जोडी तानाबे आणि मायकेल रेग्नर यांच्या गटाचा. तो २०१५ साली 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात आला. कोकेन, अँफेटामीन किंवा मेथॅम्फेटामीन या उत्तेजकांच्या व्यसनात सरासरी १५.७ वर्षे काढलेल्या ५९ व्यक्ती त्यात होत्या. त्यांत २८ स्त्रिया आणि ३१ पुरुष होते. त्यांची तुलना २८ स्त्रिया आणि ४० पुरुष अशा ६८ निर्व्यसनी व्यक्तींशी करण्यात आली. व्यसनी गटाला नशा सोडून सरासरी साडेतेरा महिने झाले होते. इतक्या काळानंतरही, पूर्वी व्यसनी असलेल्या स्त्रियांमध्ये निर्णय, भावना, सुखाची अपेक्षा आणि सवयी यांच्याशी संबंधित अनेक भागांत करडे द्रव्य निर्व्यसनी स्त्रियांपेक्षा लक्षणीय कमी आढळले. पुरुषांच्या दोन गटांत असा लक्षणीय फरक दिसला नाही. स्त्रियांमधील ही घट उतावीळपणाशी आणि सुखाच्या ओढीशी जुळतही होती.

मेंदूच्या कार्याचे अभ्यास याच दिशेने बोट दाखवतात. मार्क पोटेन्झा, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली कोकेनग्रस्त स्त्री-पुरुषांना तीन प्रकारचे प्रसंग मनासमोर आणायला सांगितले. काही प्रसंग ताणाचे होते, काही नशेशी संबंधित आणि काही निवांत. कोकेनग्रस्त स्त्रियांत तलफेशी संबंधित जाळे ताणाच्या प्रसंगाने अधिक पेटले, तर पुरुषांत ते नशेच्या खुणांनी पेटले. व्होल्को यांच्या २०११ मधील अभ्यासात १० स्त्रिया आणि १६ पुरुषांना कोकेनची दृश्ये दाखवून मेंदूतील ग्लुकोजचा वापर मोजण्यात आला. दृश्ये पाहताना स्त्रियांच्या मेंदूतील नियंत्रण करणाऱ्या भागांचे कार्य मंदावले. पुरुषांत असे मंदावणे आढळले नाही.

या भेदामागची कारणे शोधताना पहिला विचार संप्रेरकांचा करावा लागतो. इस्ट्रोजेन हे केवळ प्रजननाचे संप्रेरक नाही. मिशिगन विद्यापीठातील जिल बेकर यांच्या दीर्घकाळच्या संशोधनातून हे सिद्ध झाले आहे की, उंदरांच्या माद्यांत इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन स्ट्रायटममधील डोपामीनचा स्राव वाढवते. कोकेन स्वतः घेण्याची संधी दिली, तर माद्या नरांपेक्षा लवकर त्या सवयीला लागतात. त्यांना इस्ट्रॅडिऑल दिले की ही ओढ वाढते. माणसांतही याचे पडसाद दिसतात. कोलंबिया विद्यापीठातील सुझेट इव्हान्स आणि रिचर्ड फोल्टिन यांच्या प्रयोगांत, धूम्रपानातून घेतलेल्या कोकेनचा कैफ स्त्रियांना पाळीच्या पूर्वार्धात अधिक तीव्र जाणवला. प्रोजेस्टेरॉन वाढलेले असते त्या उत्तरार्धात तो कमी होता. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिल्यावर स्त्रियांतील कैफ मंदावला, पुरुषांवर मात्र असा परिणाम झाला नाही. हा अभ्यास २००६ मधला आहे.

संप्रेरके रचनेलाही हात घालतात. उंदराच्या मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. तेवढ्या अवधीत तिच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखांवरील काट्यांची संख्या इस्ट्रोजेनबरोबर वाढते आणि घटते, हे १९९० साली कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि ब्रूस मॅकइवेन यांनी दाखवले. प्रौढ मेंदूची रचना इतकी बदलती असेल, तर करड्या द्रव्याच्या एकाच वेळी घेतलेल्या मापाला कायमचा शिक्का मानता येत नाही. रक्तवाहिन्यांचे उदाहरण तर स्त्रीच्या मेंदूला सरसकट नाजूक म्हणणाऱ्यांना थेट उत्तर देते. कोकेनमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पण हे आकुंचन पुरुषांत अधिक असते. स्त्रियांत पाळीच्या पूर्वार्धात ते जवळजवळ आढळत नाही. या एका बाबतीत स्त्रीच्या शरीराला संरक्षण मिळालेले आहे. कोणता मेंदू अधिक सोसतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या भागाचे, कोणत्या यंत्रणेचे आणि कोणत्या काळातले माप घेतले यावर ते अवलंबून राहते.

दुसरे कारण जगण्यात आहे. व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये बालपणीचा छळ, लैंगिक अत्याचार, जोडीदाराची मारहाण, नैराश्य आणि आघातोत्तर ताणविकार यांचा इतिहास फार वारंवार आढळतो. पुष्कळ स्त्रियांच्या हाती कोकेन पहिल्यांदा येते ते जोडीदाराकडून. दुःख बधिर करण्यासाठी ते घेतले जाते आणि पुढे ताण वाढला की तलफही वाढते. हा आघात कोकेनच्या आधीच मेंदूवर आपली खूण ठेवून गेलेला असतो. सिन्हा यांच्या गटातील निकोलस व्हॅन डॅम आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली व्यसनाचे उपचार घेणारे ७९ रुग्ण आणि ९८ निर्व्यसनी व्यक्ती यांचा अभ्यास केला. बालपणी छळ सोसलेल्यांत हिप्पोकॅम्पस व त्याच्या लगतच्या भागांत करडे द्रव्य कमी आढळले, मग ती व्यक्ती व्यसनी असो वा नसो. व्यसनी गटात ही घट जितकी जास्त, तितके व्यसनाकडे पुन्हा वळणे अधिक तीव्र होते. स्त्रियांच्या हिप्पोकॅम्पसमधील घटीचे खापर केवळ कोकेनवर किंवा केवळ स्त्रीत्वावर फोडता येत नाही, ते यामुळेच. त्या मापात एखाद्या मुलीच्या बालपणाचाही हिशेब मिसळलेला असू शकतो.

तिसरी शक्यता अशी की काही फरक व्यसनाच्या आधीपासूनच असतात. एर्शे यांनी २०१२ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तेजकांच्या व्यसनात अडकलेल्या ५० व्यक्ती, त्यांची व्यसन नसलेली सख्खी भावंडे आणि असंबंधित निरोगी व्यक्ती यांची तुलना केली. व्यसनी व्यक्तींच्या मेंदूत दिसणारे अनेक फरक त्यांच्या निर्व्यसनी भावंडांतही होते. म्हणजे त्यांतील काही भाग आनुवंशिकतेचा किंवा एकत्र काढलेल्या बालपणाचा असला पाहिजे. याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तशीच रचना असूनही ही भावंडे व्यसनात पडली नाहीत. रचनेमुळे धोका वाढतो, पण तिने भवितव्य ठरत नाही.

वरील निष्कर्षांना मर्यादाही आहेत, आणि त्या दुर्लक्षून चालणार नाही. पहिली मर्यादा डोक्याच्या आकाराची. पुरुषांचा मेंदू सरासरीने सुमारे ११ टक्के मोठा असतो. हा फरक योग्य रीतीने वजा केला नाही, तर आकाराचा भेद व्यसनाच्या खाती जमा होतो. दुसरी मर्यादा संख्याशास्त्राची. स्त्रियांच्या गटात फरक लक्षणीय ठरला आणि पुरुषांच्या गटात ठरला नाही, एवढ्यावरून स्त्रिया आणि पुरुष एकमेकांपासून लक्षणीय वेगळे आहेत असे सिद्ध होत नाही. त्यासाठी लिंग आणि व्यसन यांचा परस्परपरिणाम स्वतंत्रपणे तपासावा लागतो. २०११ मधील एका पाहणीत, ही चूक होण्याची शक्यता असलेल्या मेंदूविज्ञानातील १५७ शोधनिबंधांपैकी निम्म्यांत ती प्रत्यक्ष झालेली आढळली. तिसरी मर्यादा नमुन्याच्या आकाराची. २०२२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवले की मेंदूची रचना आणि वर्तन यांतील संबंध खात्रीने सांगायला हजारो व्यक्ती लागतात. कोकेनच्या स्त्री-पुरुष अभ्यासांत मात्र एकेका गटात काही डझन व्यक्तीच असतात. व्यसनांच्या प्रतिमा जगभरातून एकत्र करणाऱ्या प्रकल्पाने २०१९ साली २,१४० व्यसनी आणि १,१०० निर्व्यसनी व्यक्तींचे विश्लेषण मांडले. त्यात मद्य, तंबाखू, कोकेन, मेथॅम्फेटामीन आणि गांजा अशी पाच व्यसने होती. अशा मोठ्या संग्रहांत लिंगभेदाचा प्रश्न मध्यवर्ती ठेवणे ही आजची निकड आहे.

चौथी मर्यादा संकल्पनेची आहे. डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १,४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. सरासरीने स्त्रियांत किंवा पुरुषांत जास्त आढळणारी वैशिष्ट्ये एकाच मेंदूत मिसळलेली असतात, आणि नखशिखांत 'स्त्री' किंवा नखशिखांत 'पुरुष' असा मेंदू विरळाच, असा त्यांचा निष्कर्ष होता. गटाची सरासरी आणि समोरच्या रुग्णाचा मेंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय जैविक लिंग आणि सामाजिक लिंगभाव हे दोन्ही मेंदूवर परिणाम करतात आणि एमआरआय यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. संप्रेरकाचा परिणाम आणि वर्षानुवर्षे सोसलेल्या भीतीचा परिणाम प्रतिमेत एकाच आकड्याने उतरतात. ते वेगळे करण्यासाठी रुग्णाचा जीवनवृत्तांत विचारावा लागतो, पाळीचा टप्पा नोंदवावा लागतो, आघाताचा इतिहास मोजावा लागतो. यातले काहीच न करता 'स्त्रीचा मेंदू' असे म्हणणारा अभ्यास अर्धवट राहतो.

या मर्यादांमुळे भेदाचा अभ्यास निरुपयोगी ठरत नाही, उलट तो अधिक काटेकोरपणे करण्याची गरज सिद्ध होते. त्याचे सर्वात मोठे कारण उपचारांत आहे. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेले एकही औषध नाही. जी औषधे तपासली गेली, त्यांतील काहींचे परिणाम स्त्री-पुरुषांत वेगळे निघाले. डायसल्फिराम मद्यावरचे औषध म्हणून परिचित आहे. कोकेनग्रस्त पुरुषांना त्याचा लाभ झाला, स्त्रियांना तितका झाला नाही. मद्य आणि कोकेन या दोन्हींच्या आहारी गेलेल्यांना नॅल्ट्रेक्सोन जास्त मात्रेत देण्याच्या २००८ मधील चाचणीत पुरुषांचे सेवन घटले आणि स्त्रियांमध्ये कोकेनचे सेवन वाढले. ग्वानफॅसिन हे रक्तदाबावरचे औषध शरीरातील ताणाची प्रतिक्रिया शमवते. २०१४ च्या अभ्यासात त्याने कोकेनग्रस्त स्त्रियांमधील तलफ कमी झाली, पुरुषांत तसा लाभ दिसला नाही. स्त्रियांची तलफ ताणाशी अधिक बांधलेली असते, या मेंदूच्या प्रतिमांवरून निघालेल्या निष्कर्षाशी हा परिणाम जुळतो. अशा चाचण्यांत स्त्री-पुरुषांची एकत्र सरासरी काढली, तर एका गटाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात बुडून जातो आणि उपयोगी औषध निरुपयोगी ठरते. त्याहून वाईट म्हणजे एका गटाला घातक असलेले औषध सर्वांना उपयोगी म्हणून दिले जाऊ शकते.

उपचारांच्या दृष्टीने आशेची बाजूही नोंदवली पाहिजे. करड्या द्रव्याची घट नेहमीच कायमची नसते. कोकेन सोडलेल्यांच्या अभ्यासांत, संयमाचा काळ वाढत जातो तसे काही प्रीफ्रंटल भागांतील करडे द्रव्य वाढताना दिसले आहे. मुहम्मद परवाझ, रिटा गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या सहा महिन्यांच्या अंतराने प्रतिमा घेतल्या. त्यांनाही प्रीफ्रंटल भागात अशी भर पडल्याचे आढळले. कोलोरॅडोच्या अभ्यासातील स्त्रियांत साडेतेरा महिन्यांनंतरही फरक शिल्लक होता, हे त्याशेजारी ठेवून पाहावे लागते. स्त्रियांमध्ये भरून येण्याची गती संथ असते, की त्यांच्या मेंदूतील फरकाचे मूळ कोकेनच्या आधीचे असते, हे केवळ एकाच व्यक्तीच्या वर्षानुवर्षे घेतलेल्या प्रतिमांवरून ठरवता येईल. दोन्ही शक्यतांत व्यवहारातील सूचना एकच निघते. स्त्रियांना दीर्घकाळ आधार लागतो, आणि नशा थांबवण्याइतकेच ताण आणि आघात यांवरचे उपचार गरजेचे असतात.

प्रत्यक्षात मात्र हा आधार त्यांना सर्वात कमी मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक अमली पदार्थ अहवालानुसार, व्यसनाचा विकार असलेल्या सात पुरुषांमागे एकाला उपचार मिळतात, स्त्रियांत हे प्रमाण अठरांत एक इतके खाली येते. मुलांना कोणी सांभाळायचे, घरचे काय म्हणतील, मुलांचा ताबा जाईल का, केंद्रात सुरक्षित राहता येईल का, हे प्रश्न पुरुषांपेक्षा स्त्रियांना फार जास्त अडवतात. भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण १० ते ७५ या वयोगटात सुमारे ०.१ टक्का आढळले. प्रमाण लहान असले, तरी संख्येने असे सेवनकर्ते जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे. व्यसनी स्त्रीला येथे व्यसनी पुरुषापेक्षा अधिक कलंक सोसावा लागतो, त्यामुळे ती उपचारांपर्यंत पोचेपर्यंत आजार बळावलेला असतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग उभा केला. अशा सोयींची गरज दयेपोटी सांगितली जात नाही, तिला मेंदूविज्ञानाचाही आधार आहे. ताणाने चेतणारी तलफ शमवायची, तर उपचाराची जागा स्वतः ताणमुक्त आणि सुरक्षित असावी लागते.

कोकेनच्या व्यसनाशी जोडलेल्या मेंदूतील स्त्री-पुरुष भेदांतून स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या कमीपणाचा पुरावा मिळत नाही. संप्रेरके, आनुवंशिकता, बालपण, आघात आणि सेवनाचा इतिहास यांनी मिळून ते घडवलेले असतात. व्यसनाच्या प्रत्येक अभ्यासात पुरेशा संख्येने स्त्रिया असल्या पाहिजेत, त्यांचे निष्कर्ष वेगळे मांडले गेले पाहिजेत, आणि औषधाची शिफारस करण्यापूर्वी ते दोन्ही गटांवर स्वतंत्रपणे पारखले गेले पाहिजे. उपचार केंद्रांनी व्यसनी स्त्रीकडे तिच्या आघातांसह पाहिले पाहिजे आणि तिच्यासाठी वेगळी, सुरक्षित जागा निर्माण केली पाहिजे. पुरुषांवरून ठरवलेला उपचार स्त्रियांना तसाच लागू करणे आजवरच्या पुराव्यानंतर समर्थनीय राहिलेले नाही.